शीटमध्ये नसलेले चार तास

घरात ट्रिप ठरली की सगळ्यांच्या माना कुणाकडं वळतात? तुमच्याकडं. "तू बघ रे जरा मोबाइलवर." लॉज तुम्ही बघायचं, गाडीवाल्याशी भाव तुम्ही करायचा, मॅप तुम्ही लावायचा आणि रसवंतीपासून पार्किंगपर्यंत सगळीकडं क्यूआर कोडसमोर फोन तुम्हीच धरायचा. (पप्पा 'नंतर देतो' म्हणतात, तो वेगळा विषय.) दहावीपर्यंत ज्या पोराला मागच्या सीटवर बॅगांच्या मधे कोंबलं जायचं, ते कॉलेजात गेलं की एकदम घरचं टूर मॅनेजर होतं.

गेल्या मे महिन्यात मीही झालो होतो. आणि मॅनेजर म्हणून मी जी माती खाल्ली, ती आधी सांगतो. मग काय म्हणायचंय ते म्हणतो.

आमचं गाव विट्याजवळ. खानापूर-आटपाडीकडचं कुणी वाचत असेल तर त्याला हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: आमच्याकडं प्रत्येक भावकीत निदान एक घर तरी गलाईला गेलेलं असतं. सोनारांकडचं जुनं सोनं-चांदी, कामात पडलेला चुरा हे सगळं वितळवून शुद्ध करून द्यायचं काम म्हणजे गलाई. इकडं पाऊस कमी, जमीन कोरडवाहू, म्हणून माणसं हे काम घेऊन पार केरळ-तमिळनाडूपासून पंजाब-उत्तर प्रदेशापर्यंत पोचली. मी हिंदुस्थानातल्या कुठल्याही सराफकट्ट्यावर जाऊन "विट्याकडचं कोण हाय का?" असं विचारायला तयार आहे. बहुतेक कुणीतरी मान वर करेल.

माझे काका दिल्लीत असतात. त्यांची दोन पोरं. मोठी अकरा वर्षांची, बारका सात. वर्षातून एकदा, मे महिन्यात, ती गावी येतात. निजामुद्दीनहून गोवा एक्स्प्रेस धरायची आणि मिरजेला उतरायचं. मधे सव्वा-दीड दिवस नुसती गाडी. मी एकदा काकांना म्हणालो, "विमानानं पुण्यापर्यंत या की, सरळ दोन तासांचं काम." काका हसले. "पोरंच नको म्हणत्यात. गाडीत बरं वाटतं म्हणत्यात." मला तेव्हा ते पटलं नव्हतं. दीड दिवस डब्यात बसून करतात तरी काय ही पोरं? तर समोरच्या बर्थवरच्या आजीशी पत्ते खेळतात. खिडकीतून स्टेशनांच्या पाट्या वाचतात. भुसावळला केळी घ्यायची, दौंडला चहा, असले त्यांचे त्यांनीच लावलेले नियम आहेत. दिल्लीत शाळा, मग ट्यूशन, मग स्केटिंगचा क्लास, मग कोडिंगचा क्लास. त्यांच्या वर्षातला सगळ्यात मोठा रिकामा वेळ बहुतेक या रेल्वेच्या डब्यातच असतो. हे माझ्या लक्षात यायला बराच उशीर झाला.

तर गेल्या वर्षी काका तीन आठवडे आले होते. त्यातले सहा दिवस सगळ्यांनी मिळून फिरायचं ठरलं. आण्णा, म्हणजे माझे आजोबा, आई-पप्पा, काका-काकी, मी, माझी बहीण आणि ही दोन. एक क्रूझर ठरवली. आणि मी शीट केली. गुगल शीट, रंगीत. सकाळी ६.३०ला चहा, ७ला गाडी हलणार, १०.१५ सज्जनगड, १२.३० ठोसेघर, ३ वाजता कास. दुसऱ्या दिवशी लिंबची विहीर २० मिनिटं, वाई, जेवण महाबळेश्वरला, चार पॉइंट, सूर्यास्त. तिसऱ्या दिवशी प्रतापगड. असं सहा दिवस. लिंक फॅमिली ग्रुपवर टाकली. आईनं अंगठा दिला, काकांनी हात जोडलेले दिले, पप्पांनी काहीच दिलं नाही.

आण्णांना मी वाचून दाखवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कासवर मे म्हैन्यात काय बघायचं हाय? दगडं?"

मी रीलवर बघून कास टाकलं होतं. रील सप्टेंबरचं होतं. पश्चिम घाटाबरोबर कासचं पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं ते ज्या फुलांमुळं सगळ्यांना माहीत आहे, ती फुलं पावसाळा सरताना येतात. ठोसेघरच्या धबधब्याचीही मे महिन्यात तीच गत. शेजारच्या जिल्ह्यात राहून मला हे माहीत नव्हतं आणि मला शरमही वाटली नाही. मी फक्त त्या दोन ओळी डिलीट केल्या आणि रिकाम्या झालेल्या चार तासांत दुसरं काहीतरी कोंबलं. रिकामा सेल बघवत नव्हता ना!

आता लिंबची विहीर. साताऱ्याहून पुण्याकडं जाताना हायवे सोडून थोडं आत गेलं की लिंब गाव येतं, तिथली बारा मोटेची विहीर. गेला नसाल तर जा. शिलालेखात शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४, असा काळ आहे, आणि विहीर बांधली वीरूबाई भोसले यांनी. खोली साधारण ११० फूट, रुंदी ५० फूट. पायऱ्या उतरून गेलं की विहिरीच्या पोटात दगडी महाल आहे, कोरलेले प्राणी आहेत. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि आत एकदम गार. माझ्या शीटप्रमाणं आम्ही १०.१० ते १०.३० या वेळात हे सगळं बघून फोटो काढायचे होते.

१०.२५ला मी "चला, चला" सुरू केलं. कुणी हलेना. बारका वर काठावर उभा राहून बघत होता. त्यानं आण्णांना विचारलं, "आण्णा, इतकी मोठी बकेट कोण खींचायचं?"

आण्णा म्हणाले, "बकेट न्हवं बाळा. मोट."

आणि तिथंच बसले. मग जे सुरू झालं ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. मोट म्हणजे चामड्याची भलीमोठी पिशवी, खाली तिला सोंड. जाड दोर तो नाडा, बारीक दोर तो सोंदूर. बैल विहिरीकडून उताराच्या रस्त्यानं खाली चालत जातात, त्या रस्त्याला धाव म्हणायचं. बैल उतरले की मोट वर येते, थारोळ्यात पाणी ओतलं जातं, मग बैलांनी उलट पावली मागं यायचं की मोट परत खाली. दहा-बारा वर्षांचे असताना आण्णांनी स्वतः मोट हाकली होती. पहाटे, तारे असताना. मोटेवर गाणी म्हणायचे, बैल ती ऐकून चालायचे. "गाणं थांबलं की बैल थांबायचं," आण्णा म्हणाले.

मोठीनं विचारलं, "मग इथं बारा मोटी एकदम कशा चालायच्या? दोर अडकायचे नाहीत?" मला उत्तर आलं नाही. आण्णा म्हणाले, चला मोजू. ती दोघं आणि आण्णा विहिरीच्या काठानं फिरून मोटेच्या जागा मोजायला लागले. दोनदा मोजलं, दोनदा वेगळा आकडा आला. मग बारक्याला मोट करून बघायची होती. ड्रायव्हरदादांनी क्रूझरच्या टपावरचा सामान बांधायचा दोर सोडून दिला. विहिरीपासून लांब, झाडाखालच्या उतारावर, माझी बहीण आणि मोठी बैल झाल्या, बारका मोटकरी, आणि पाण्याची रिकामी बादली मोट. आण्णांनी 'बैलां'ना उलटं चालायला शिकवलं. काका, ज्यांच्या तोंडून मी कधी गाणं ऐकलं नव्हतं, ते आण्णांबरोबर गाणं म्हणायला लागले. त्यांना ते पाठ होतं!

मी घड्याळ बघत होतो. खोटं कशाला सांगू? पहिला तासभर मी रागात होतो. महाबळेश्वरच्या लॉजला दोन हजार ॲडव्हान्स दिला होता, चेक-इन बाराला, सूर्यास्त चुकणार होता. मी काकीकडं जाऊन तक्रार केली. ती म्हणाली, "असू दे की रे. कुठं पळून जातंय महाबळेश्वर?"

चार तास आम्ही तिथं होतो. महाबळेश्वर त्या ट्रिपमध्ये झालंच नाही. ॲडव्हान्स बुडाला आणि त्यावरून पप्पा दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होते, तेही इथं सांगायला हवं. मोकळा वेळ फुकट मिळतो असं नाही. कधीकधी त्याचे दोन हजार पडतात.

रात्री वाईत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मेणवलीला गेलो, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर. तिथं १७०७ साल कोरलेली पोर्तुगीज घंटा आहे, वसईच्या स्वारीनंतर इकडं आलेली. 'स्वदेस'मध्ये दिसलेला घाट हाच, हे मी पोरांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी 'स्वदेस' बघितलेला नव्हता. मोठीनं पाण्यात पाय सोडले आणि विचारलं, "ही नदी पुढं कुठं जाते?" म्हटलं, आपल्या सांगलीला. "म्हणजे सेम नदी?" सेम नदी.

पुढची ट्रिप तिनं ठरवली. सेम नदी परत कुठं कुठं भेटते ते बघायचं. माझी शीट तिथंच संपली. संगममाहुलीला तिला वेण्णा येऊन मिळते. कराडला प्रीतिसंगमावर कोयना समोरून येऊन भिडते. या दोघी एकाच महाबळेश्वरच्या डोंगरात जन्मलेल्या, वेगवेगळ्या खोऱ्यांतून उतरून कराडला समोरासमोर येतात, हे पोरांना सांगितल्यावर बारका म्हणाला, "कजिन आहेत काय?" मग औदुंबर. मग सांगली, आयर्विन पूल, आणि चिंचांच्या झाडांखालून हरिपूर, जिथं वारणा मिळते. हरिपुरात पूर्वी हळद जमिनीतल्या पेवांत साठवायचे, हे आण्णांनी सांगितलं. पेव म्हणजे काय, त्यात माणूस उतरायचा कसा, आत श्वास कोंडत नसे का, यावर हरिपूरच्या घाटावर भडंग खात अख्खी संध्याकाळ गेली. प्रत्येक ठिकाणी पोरं पाण्यात हात घालून बघायची, 'सेम' आहे का. सांगलीत बारक्यानं निकाल दिला: इथली जास्त गरम आहे.

आता मुद्द्यावर येतो. घरची ट्रिप आखायचं काम आता तुमच्या हातात आलंय. आपण ते कुठून शिकलो? रील्समधून. '२ दिवसांत ११ ठिकाणं' वगैरे. मित्रांबरोबर तसं फिरा, काही हरकत नाही. पण गाडीत सात वर्षांचं पोर आणि ऐंशीच्या घरातला म्हातारा असला की ती आखणी या दोघांवरच उलटते. दोघांनाही पुढचं ठिकाण गाठायची घाई नसते. दोघांनाही एकाच जागी बसून तेच तेच परत विचारायचं आणि सांगायचं असतं. मधली पिढी, म्हणजे आपण आणि आपले आई-बाप, घड्याळ घेऊन त्यांच्यामधे उभी राहतो.

मुलांच्या या वेळाला जगानं कागदावर तरी मान्यता दिलेली आहे. १९८९च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात ३१वं कलम आहे: मुलाला विश्रांतीचा, मोकळ्या वेळाचा आणि खेळण्याचा हक्क. भारतानं १९९२मध्ये तो करार मान्य केला. शिक्षणाच्या हक्काबद्दल आपण कॉलेजात निबंध लिहितो, पण या ३१व्या कलमाबद्दल कुणी प्रश्नसुद्धा विचारत नाही. मी स्वतः ते या ट्रिपनंतर वाचलं.

पण रिकाम्या वेळाचं कौतुक करताना एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. आमच्याच भागातून, माण-खटाव-आटपाडी-जतकडून, मेंढपाळ धनगर कुटुंबं दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परततात. संसार घोड्यावर, त्यावरच कोंबड्या आणि लहान पोरं. साखर कारखान्यांच्या हंगामात बीडकडचे ऊसतोड मजूर सांगली-साताऱ्यात येतात तेही पोरांना घेऊन. ही पोरंही महिनोन्‌महिने आई-बापाबरोबर प्रवासात असतात, तीही शीटशिवाय. त्यांना 'किती मोकळं बालपण' म्हणायचा मूर्खपणा करू नका. फडात पाचटावर झोपवलेल्या बाळाच्या आईला तो मोकळा वेळ नसतो, आणि त्या पोराची शाळा सुटलेली असते. आपल्याला वेळापत्रक फाडायची चैन परवडते, कारण आपल्याकडं फाडायला वेळापत्रक आहे.

दुसरं, घरातलंच. मोकळा वेळ पोरांना मिळतो तेव्हा त्याचं काम कुणावर पडतं? लिंबला चार तास आम्ही मोट-मोट खेळत होतो तेव्हा आई आणि काकी काय करत होत्या, हे मला नंतर फोटो बघताना कळलं. एका फोटोत मागं आई दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी वाढून देतेय. दुसऱ्यात काकी बारक्याचा भिजलेला शर्ट पिळतेय. तिसऱ्यात दोघी भांडी विसळताहेत. एकाही फोटोत त्या नुसत्या बसलेल्या नाहीत. तेव्हा टूर मॅनेजरसाहेब, शीटमधला वेळ रिकामा ठेवलात तर त्या वेळात ताटं उचलायची आणि पोरांचे कपडे वाळत घालायचे काम तुमचं. हरिपूरला ते मी केलं. आईला आधी शंका आली की मला पैसे हवेत.

तिसरं, पाणी. विहीर, घाट, नदी या जागा मोकळ्या सोडायच्या नाहीत. कृष्णेच्या घाटावर पायऱ्यांवरचं शेवाळ कुणाची वाट बघत नाही. आमच्याकडं नियम एकच होता: पोरं पाण्याजवळ असतील तेव्हा मोठं एक माणूस फोनशिवाय तिथं उभं राहणार, आणि ते माणूस दुसऱ्याला सांगितल्याशिवाय हलणार नाही. आण्णांच्या गोळ्या, रात्रीचा मुक्काम, बायकांसाठी बरं स्वच्छतागृह कुठं आहे ते, परतीचं रेल्वेचं तिकीट, एवढं मी अजूनही आधी लिहून ठेवतो. बाकीचं नाही.

तुम्ही म्हणाल, भाऊ-बहिणींबरोबर इतका वेळ काढायला आम्हाला कुठं जमतं? सेमिस्टर, इंटर्नशिप, एमपीएससी. खरं आहे. मलाही फायनल इयरनंतर पुण्याला किंवा आणखी कुठंतरी जायचंय, मग मे महिन्यात सुट्टी असेल की नाही कुणास ठाऊक. मोठी पुढच्या वर्षी तेराची होईल आणि तिचा दहावीचा क्लास नववीतच सुरू होईल, हे काकांनी आधीच सांगितलंय. बारक्याचं मराठी दरवर्षी थोडं कमी होतं. गेल्या वर्षी तो दिल्लीला परत गेला तेव्हा 'मोट', 'नाडा', 'धाव' हे तीन शब्द घेऊन गेला. शाळेत 'माझी सुट्टी' सांगताना त्यानं हिंदीत सांगितलं की मी बैल हाकले. बाईंना वाटलं खरेच.

आणि आण्णा. हिवाळ्यापासून त्यांचे गुडघे बोलायला लागलेत. अंगणातून ओट्यावर यायलाही हात लागतो. लिंबच्या त्या पायऱ्या आता ते उतरणार नाहीत.

यंदाही काका येताहेत. तिकिटं झालीत, गोवा एक्स्प्रेसचीच. पप्पांनी परवा विचारलं, "या वेळी शीट नाही केलीस?" म्हटलं, नाही. क्रूझर तेवढी ठरवलीय, पाच दिवसांची, ड्रायव्हर तेच दादा. ॲडव्हान्स कुठंही दिलेला नाही.

बारक्याचा फोन आला होता. त्यानं विचारलं, "दादा, दोर आणायचा का?" मी म्हटलं, गाडीत असतो. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, "मी पण आणतो. आण्णांना वर बसून पकडायला एक लागेल ना."